डाव्या कुशीवर

"काही होत नाही" हे वैद्यबुवांचं ठरलेलं वाक्य. पेशंट कोणीही असो. बिचारा टेबलावर डाव्या कुशीवर वळलेला, उजवा गुडघा पोटाशी ओढलेला, वैद्यबुवांकडे पाठ करून हयातीतल्या सगळ्या चुका आठवत पडलेला असायचा. वैद्यबुवा हातात रबरी नळी घेऊन मागून सांगायचे, "काही होत नाही." बस्ती म्हणजे वाताच्या दुखण्यावरचा अर्धा इलाज, असं ग्रंथात म्हटलंय. गुदद्वारातून कोमट तेल नाहीतर काढा आत सोडायचा, एवढंच तर काम. ग्रंथाने सांगितलं, वैद्याने केलं, मग मध्ये पेशंटने कशाला बोलायचं?

आता खरं सांगायचं तर काही होतं की नाही, हे वैद्यबुवांना माहीत असायचं कारणच नव्हतं. त्यांनी जन्मात कधी बस्ती घेतली नव्हती. कंबर धरली की शेक घ्यायचे, गुडघा कुरकुरला की लेप थापायचे, आणि बायको म्हणाली, "अहो, एकदा बस्ती घेऊन बघा की," की त्यांना नेमका कोणीतरी पेशंट आठवायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ना? हे तर अगदी शब्दशः कोरडे.

त्यांची एकुलती एक मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकून वैद्य झाली आणि लग्नापर्यंत बस्तीची खोली तिनेच सांभाळली. हात हलका, डोकं शांत. पण वैद्यबुवांच्या मते तिला एक खोड होती. ती पेशंटला सगळं सांगत बसायची. आता मी हे करणार, मग असं वाटेल, मग तसं वाटेल. वैद्यबुवांचं टाळकं फिरायचं. "तू पेशंटला घाबरवतेस," ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "ही बस्तीची खोली आहे, गप्पांचा अड्डा नव्हे." शिवाय त्या खोलीच्या संडासाला कडी नव्हती, म्हणून तिने धोशा लावला होता. "कडी काय करायचीय? आत कोण चोरी करायला येतंय?" असं म्हणून वैद्यबुवांनी तो विषय कायमचा मिटवला होता.

मग तिचं लग्न झालं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक निवृत्त न्यायाधीश राहायचे, त्यांच्या मुलाशी. आणि ती गेली तसे बस्तीचे पेशंटही गेले. एकदा आलेला दुसऱ्यांदा येईना. वैद्यबुवांनी आधी हवेला दोष दिला, मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाला, मग एकूणच माणसांच्या भित्रेपणाला. पण रिकाम्या खोलीत टेबलावरची घडी न मोडलेली चादर दिसली की ते ती उगाच झटकून पुन्हा ठेवायचे. पोरीने परत यावं, पुन्हा ती खोली सांभाळावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पण हे तिला तोंडाने सांगायचं? छे. बापाने मुलीपुढे पदर पसरायचा?

म्हणून त्यांनी वळणाने गाडी नेली. व्याह्यांकडे चहाला गेले असताना सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "जजसाहेब, पोरीचं शिक्षण वाया जातंय हो."

जजसाहेबांनी कप खाली ठेवला. "प्रकरण विचाराधीन आहे," ते म्हणाले.

झालं. तेव्हापासून वैद्यबुवांचा व्याह्यांवर दात होता. निवृत्त झाला तरी माणसाची तारीख पे तारीख काही सुटत नाही, असं ते बायकोला रोज ऐकवायचे आणि तिच्याकरवी व्याह्यांकडे निरोप धाडायचे. बायको ऐकून घ्यायची आणि काही बोलायची नाही, आणि हेच खरं तर त्यांच्या लक्षात यायला हवं होतं.

पुढे एक दिवस जजसाहेब बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच राहिले. कंबर अशी धरली की सरळ होईना. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. शेवटी सुनेच्या खांद्यावर हात टेकत, जमिनीवर काहीतरी हरवल्यासारखे खाली बघत, ते व्याह्यांच्या दवाखान्यात दाखल झाले. वैद्यबुवांना तसं व्याह्यांच्या दुखण्याचं वाईटच वाटलं, पण आतून उकळ्या फुटत होत्या. साहेब बरे झाले की उपकाराखाली येणार, आणि उपकाराखाली आलेला माणूस निकाल लवकर देतो.

"बस्ती," वैद्यबुवा नाडी बघून म्हणाले. "दुसरा इलाज नाही."

जजसाहेबांनी मान तिरकी करून, जेवढं वर बघता येईल तेवढं बघितलं. "तुम्ही स्वतः घेतली आहे?"

"अनेकदा," वैद्यबुवा म्हणाले.

मुलगी कपाटाशी टॉवेलच्या घड्या घालत होती. तिने झालेली घडी मोडून पुन्हा घातली.

"मग मला सांगा वैद्यराज, त्यातला सगळ्यात अवघड क्षण कुठला?"

"छे हो, काही होत नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"माझा जन्म साक्षीदार ऐकण्यात गेला," जजसाहेब शांतपणे म्हणाले. "ज्याला काहीच झालं नाही, तो तिथे नव्हता, असा माझा अनुभव आहे." साहेब पुढे म्हणाले, "असं करू. उद्या सकाळी आधी तुम्ही घ्या. मी पडद्यापलीकडे पडून राहतो. तुमची साक्ष झाली की मी तयार. आणि देणार सूनबाई. तिच्या हाताचं कौतुक फार ऐकलंय."

आता काय बोलणार? नाही म्हणावं तर व्याही उठून जाणार, आणि व्याह्याबरोबर पोरीची आशाही जाणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वैद्यबुवा हसले आणि म्हणाले, "त्यात काय एवढं?"

त्या रात्री त्यांना झोप आली नाही ते आली नाही. पण पहाटे एक युक्ती सुचली. काढ्याची बस्ती उपाशीपोटी द्यायची असते. पोट भरलेलं असेल तर देत नाहीत म्हणजे नाहीतच. वैद्यबुवा पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले, ओट्यापाशी उभ्या उभ्याच कालचं उरलेलं सगळं जेवले, वरून दोन केळी खाल्ली आणि तोंड पुसून पुन्हा अंथरुणात शिरले. बायकोची कूस बदलल्याचा आवाज आला, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

सकाळी व्याही आले, पडद्यापलीकडच्या कॉटवर एका अंगावर पडले. मुलगी खलात मध आणि सैंधव घोटत होती. त्यात मग तेल, मग वाटलेली औषधं, शेवटी काढा. क्रम चुकला की सगळं फाटतं, हे तिला वैद्यबुवांनीच शिकवलं होतं, बोटांवर पट्टी मारून.

"अगं, एक घोळ झाला," वैद्यबुवा चेहरा शक्य तितका पाडून म्हणाले. "चुकून जेवलो मी."

मुलीचा हात थांबला. "चुकून? किती?"

"पोटभर."

पडद्यापलीकडून जजसाहेबांचा खाकरण्याचा आवाज आला. मुलगी क्षणभर बापाकडे बघत राहिली. तिच्या ओठांचा कोपरा हलला का, हे वैद्यबुवांना नीट दिसलं नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. "मग काढा नको, तेलाची बस्ती देते. ती जेवल्यावरच द्यायची असते. तुम्हीच शिकवलंय, आप्पा."

खरंच की! दर वर्षी शिकाऊ पोरांना ते हेच घोकायला लावायचे. उपाशीपोटी काढा, भरल्या पोटी तेल. भीतीने माणूस स्वतःची विद्यासुद्धा विसरतो. तेवढ्यात आतल्या दारात बायको उभी राहिली. तिच्या हातात वाफाळत्या पाण्याचं भांडं, आणि त्यात ठेवलेली तेलाची वाटी.

"तेल कोमट करून ठेवलंय," ती म्हणाली. "पहाटे भांड्यांचा आवाज आला, तेव्हाच म्हटलं लागेल."

वैद्यबुवा टेबलावर चढले. ज्या टेबलाभोवती त्यांची हयात गेली, त्याच्यावर ते पहिल्यांदाच आडवे होत होते. रेक्झिन गार होतं, चांगलंच गार, आणि ते कोणी कधी बोललं नव्हतं. डाव्या कुशीवर वळलं की तोंड थेट संडासाच्या दाराकडे येतं, हेही त्यांना आजच कळलं. दार अर्धवट उघडं होतं. कडीच्या जागी एक भोक आणि त्यात कोणीतरी कोंबलेला कापसाचा बोळा होता. म्हणजे इतकी वर्षं जो जो इथे पडला, त्याने या दाराकडे बघत मनाशी हिशेब केला असणार, की वेळ आली तर धावायचं कसं, आणि धावलो तर हे दार एका हाताने धरायचं कसं. नेसूचं सैल केल्यावर गार वारा लागला आणि त्यांचा कान लाल झाला. पडद्यापलीकडे व्याही, दारात बायको, पाठीशी पोटची पोर. वैद्यबुवांनी डोळे मिटले आणि दात आवळले.

पण मागून "काही होत नाही" आलं नाही.

"आप्पा," मुलगी म्हणाली, "थोडं विचित्र वाटेल. लाज वाटेल. तसं सगळ्यांनाच वाटतं. आता तेल लावलेली नळी आत जाईल, तेव्हा दार ढकलल्यासारखं वाटेल. तोंडाने श्वास सोडा. मग पोटात ऊब येईल, आणि त्यानंतर अवघड काही नाही. बोलू नका, हसू नका, शिंक आली तर मला हात दाखवा."

तिने सांगितलं तसंच झालं, त्याच क्रमाने. विचित्र वाटलं. लाज वाटली. दार ढकलल्यासारखं वाटलं, त्यांनी श्वास सोडला, आणि मग पोटात हळूहळू ऊब पसरली. पुढचं काय ते आधीच माहीत असल्यामुळे, दात कधी सुटले ते त्यांना कळलंसुद्धा नाही. इतकी वर्षं जिला ते खोड म्हणत होते, ती ही.

नळी निघाली. मग मुलीने तळहाताने त्यांच्या कुल्ल्यावर हळूच थोपटलं. थप, थप, थप.

"हा कसला आवाज?" पडद्यापलीकडून प्रश्न आला.

"थोपटतेय, बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली. "तेल आत टिकावं म्हणून. ग्रंथात आहे तसं."

ग्रंथात आहेच. पण वैद्यबुवांना ग्रंथ आठवला नाही. ही दुपट्यात असताना रात्र रात्र झोपायची नाही, तेव्हा ते तिला पालथी घालून असंच थोपटायचे. त्यांनी नाक दाबून धरलं, कारण हुंदका चालतो की नाही याबद्दल ग्रंथात काही लिहिलेलं नव्हतं.

"साक्ष?" जजसाहेब म्हणाले.

"हळू बोला, पोट न हलवता," मुलीने बजावलं.

"विचित्र वाटतं," वैद्यबुवा संडासाच्या दाराला म्हणाले. "लाज वाटते. नळी आत जाताना भीती वाटते. पण पोरीने आधी सांगितलं म्हणून निभावलं."

"ठीक. कालची साक्ष कामकाजातून काढून टाकतो, आजची ग्राह्य धरतो," जजसाहेब म्हणाले. "सूनबाई, माझी तयारी कर."

वैद्यबुवांना वाटलं, हीच वेळ. लोखंड गरम आहे तोवर घाव घालावा. "साहेब, मग ते दुसरं प्रकरणही निकाली काढा की. पोरीला इथे येऊ द्यायचं. एवढे महिने विचाराधीन ठेवलंत."

पलीकडे कॉट करकरली.

"ते प्रकरण माझ्याकडे नव्हतंच, वैद्यराज," जजसाहेब म्हणाले. "लग्न होऊन आली त्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, जा, तुझं काम सुरू कर. ती म्हणाली, आप्पांच्या मते मी पेशंटना घाबरवते. त्यांनी स्वतः बोलावलं तर जाईन, तुम्ही मध्ये पडू नका. म्हणून मी नाही पडलो. तुम्ही माझ्याकडे बोललात, विहीणबाईंकडून निरोप धाडलेत. जिला विचारायचं, तिला कोणी विचारलंच नाही."

वैद्यबुवांनी मान वळवून बायकोकडे बघायचा प्रयत्न केला. ती वाटी पुसत होती. तिला सगळं ठाऊक होतं, हे तिच्या पुसण्यावरूनच कळत होतं. एवढे महिने ज्या दगडाला ते शिव्या घालत होते, तो त्यांच्याच दारात त्यांनीच ठेवलेला होता. आणि आता माफी मागावी तर ती अशी, डाव्या कुशीवर, पोटात तेल आणि समोर बिनकडीचं दार. पण उठल्यावर आपलं तोंड पुन्हा वैद्याचं होईल आणि हे काही बोलता येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"पोरी," ते म्हणाले, "चुकलं माझं. तुझ्यावाचून ही खोली चालत नाही. येशील का..."

"आप्पा, बोलू नका," मुलगी म्हणाली. "तेल बाहेर येईल."

तिने त्यांच्या अंगावर चादर ओढली, कडा नीट खोचल्या आणि घोटून ठेवलेला काढा घेऊन पडद्यापलीकडे गेली. वैद्यबुवा निमूट पडून राहिले. पेशंटसारखे. पलीकडून तिचा आवाज येत होता, "बाबा, थोडं विचित्र वाटेल बरं का," आणि साहेबांचा हुंकार. ती येणार की नाही, हे त्यांना काही केल्या विचारता येत नव्हतं.

सगळं आटोपल्यावर हात धुण्याचा आवाज आला. मग तिथूनच, टॉवेलला हात पुसता पुसता, ती म्हणाली,

"आप्पा, उद्या सुताराला बोलवा आणि त्या दाराला कडी लावून घ्या. मी आल्यावर हे असलं चालायचं नाही."