मी पसरलेलं खत आणि ब्रिटाचं झाड

मी एक जुनी खत पसरायची गाडी आहे. दोन चाकं, नरसाळ्यासारखं पत्र्याचं पोट, खाली गरगर फिरणारी चकती आणि ढकलायला एक दांडा, एवढाच माझा संसार. ओरेगनमधल्या एका घरामागच्या शेडमध्ये मी शिडीला टेकून पडलेली असते. मित्रांनो, माझ्या गोष्टीत फुशारकी मारण्यासारखं काही नाही. माझ्या पोटातून गेलेल्या खताने एक जमीन नासली आणि आळ मात्र एका झाडावर आला, तेच मला सांगायचं आहे.

माझे मालक लोवेल यांनी घर घेतलं, त्याच वसंतात मला दुकानातून उचलून आणलं. तेव्हा माझा रंग लालचुटुक होता. त्यांची मुलगी ब्रिटा नुकती चालायला लागली होती. या घरातल्या पहिल्या नाताळाला मालकीण अर्लीनबाईंनी तोडलेलं झाड न आणता मुळांसकट फरचं, सुईसारख्या पानांचं रोप आणलं. सण सरल्यावर ते मागच्या अंगणात लावलं. मुलगी आणि झाड बरोबरच वाढली, पण झाडाने लवकरच मुलीला मागे टाकलं. दर डिसेंबरात ब्रिटा त्यावर दिवे चढवायची आणि वरच्या फांदीसाठी बापाला शिडीवर पाठवायची.

माझं काम वर्षातून चार वेळा असे. मालक पोट भरायचे, मी अमोनियाचं खत उधळत निघायचे आणि आठवड्याभरात गवत गर्द हिरवं व्हायचं. येणारे-जाणारे कुंपणापाशी थांबून बघायचे. “माझ्या गाडीची करामत!” असं मालक म्हणाले की माझी चाकं जमिनीवर ठरायची नाहीत.

वीस-बावीस वर्षांनी गवत पिवळं पडू लागलं. मधेमधे शेवाळाची गादी पसरली, चुक्याच्या जातीचं लाल देठांचं तण माजलं. मालकांनी खत वाढवलं. गवत जरा वर यायचं आणि पुन्हा मान टाकायचं. मी मूर्खासारखी पाचवी फेरीही त्याच उत्साहाने मारली.

शेजारचा डेल कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, “काय लोवेल, शेवाळाची शेती धरलीस का यंदा?”

“हसू नकोस रे. मरमर करतोय, तरी हे हाल.”

“अरे, त्या फरच्या सुया बघ किती पडतात! त्यांनीच माती आंबट होते. माझा आजोबा सांगायचा. पाड ते झाड.”

अर्लीनबाई म्हणाल्या, “आजोबांचं राहू दे. शनिवारच्या बाजारात ते बागकामवाले बसतात ना, त्यांच्याकडून माती तपासून घेऊ.”

“माती काय तपासायची? दिसतंय की डोळ्यांनी!” मालक म्हणाले.

एव्हाना ब्रिटा मोठी होऊन दूर नोकरीला गेली होती. त्या हिवाळ्यात तिचा फोन आला, “बाबा, ऑगस्टमध्ये लग्न आपल्या मागच्या अंगणातच करायचं.” झालं! मालकांना दिवसरात्र हिरवळ दिसू लागली. मार्चमध्ये अर्लीनबाई लेकीकडे पोशाख शिवायला गेल्या, तेव्हा मालकांनी आणि डेलने मिळून झाड पाडलं. लेकीला अचानक दाखवून खूश करायचं होतं त्यांना. वाईट हेतू नव्हताच हो, आणि म्हणूनच मला ते सोसत नाही.

एप्रिलमध्ये मायलेकी आल्या. ब्रिटा मागच्या दारातच थबकली.

“झाड कुठंय?”

“अगं, त्यानेच तर माती बिघडवली होती. आता बघ, ऑगस्टपर्यंत कसं हिरवंगार—”

“मी त्याच्याखाली उभी राहणार होते, बाबा.”

एवढंच बोलून ती आत गेली. लग्न चर्चच्या हॉलमध्ये ठरलं. अर्लीनबाईंनी खुरपं घेतलं, अंगणात दहा-बारा ठिकाणची बोटभर खोल माती काढली, प्लास्टिकच्या बादलीत कालवली, वाळवली आणि तपासायला पाठवली.

कागद आला तो घेऊन दोघं बाजारातल्या बागकामवाल्यांच्या टेबलापाशी गेले. तिथलं सगळं अर्लीनबाईंनी घरी आल्यावर ब्रिटाला फोनवर सांगितलं, माझ्याजवळच उभं राहून. पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, चार पूर्णांक आठ निघाला होता; तो जितका खाली तितकी माती आंबट. गवताला सहाच्या आसपास लागतो.

“फरच्या सुयांनीच ना?” मालकांनी विचारलं होतं.

टेबलावरच्या बाई म्हणाल्या होत्या, “छे हो! सुयांनी मातीला फारसं काही होत नाही. इथला पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो, ते एक. आणि अमोनियाचं खतही माती आंबट करतं. ते वर्षाला किती वेळा टाकता?”

“चार वेळा,” मालक म्हणाले होते. मग कागदाची घडी घालत, “कधी पाच.”

मित्रांनो, ते ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला चाकं नसती तर बरं झालं असतं.

पुढे माझ्या पोटात चुनखडीची पूड आली. शरद ऋतूत एकदा, वसंतात एकदा, कागदावर लिहिली होती तेवढीच, चिमूटही जास्त नाही. आंबटपणा उतरायला महिनोन्महिने लागतात. लग्न तर चुन्याआधीच होऊन गेलं होतं; वर्ष उलटलं, मग शेवाळ विरळ झालं आणि गवताने थोडक्या खतातही जोर धरला. आज आळीत अशी हिरवळ कुणाकडे नाही. मालक रविवारी कॉफी घेऊन तिच्या कडेला उभे राहतात, आत पाऊल टाकत नाहीत.

परवा डेल म्हणाला, “लेका, गुपित काय ते सांग की!”

“आधी माती तपास,” मालक म्हणाले. “मी नंतर तपासली.” आणि ते आत गेले.

मित्रांनो, खताने गंजून माझ्या पत्र्याला भोकं पडली आहेत. काम झाल्यावर मला धुतलं असतं तर ती पडली नसती, पण त्याची माझी तक्रार नाही. तुमच्या अंगणातलं गवत पिवळं पडलं, शेवाळ धरलं, तर पोतं उघडण्याआधी आणि कुऱ्हाड उचलण्याआधी मूठभर माती तपासायला द्या. बिघडलेली माती दोन वर्षांत सुधारते, हे मी माझ्या चाकांखाली पाहिलं आहे. ब्रिटा मात्र अजून पुढच्या दारानेच येते आणि पुढच्या दारानेच जाते.