मला गोडे पाणी कुणी दिले नाही

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी ठोकळा आहे. मोटारीच्या इंजिनाचा ब्लॉक म्हणतात मला. माझ्या पोटात चार सिलिंडर आणि त्यांच्याभोवती थंड पाणी फिरायला पोकळ जागा. मोटार पळाली की लोक रंगाचे कौतुक करतात. तापायचे मी, नाव पत्र्याचे!

माझे मालक बालाजीराव तंजावरकडचे मराठी. वेस्ट मांबलमच्या घरून शहराबाहेर एन्नोरला ते रोज मोटारीने कामावर जात. आयुधपूजेला मोटारीला गंध, कुंकू, झेंडूची माळ, फोडायला कोहळा. पण मला गार ठेवणाऱ्या रेडिएटरमध्ये पाणी बोअरचे, खारट. एकदा त्यांची लहानगी मुलगी हेमावती नळाच्या पाण्याची घागर घेऊन आली.

"अय्यो, नको! माणसांस प्यायला तण्णी नाही, ह्यास कशाला गोडं? बोरचं पुरे," बालाजीरावांनी तिला अडवले.

टंचाई होती, मान्य. पण चांगल्या पावसाच्या वर्षीही माझी आठवण कुणाला झाली नाही. ते खारे पाणी माझ्या भिंती आतून खात राहिले.

पुढे मोटार कित्येक वर्षे झाकलेली पडून राहिली. यंदा हेमावतीच्या मुलाला, कौशिकला, जुन्या मोटारींच्या शर्यतीचे वेड लागले. थकलेले बालाजीराव त्याला म्हणाले, "मी आहे तोवर एकदा तिचा आवाज ऐकव रे, कण्णा."

गजेंद्र मेकॅनिकच्या वर्कशॉपात मला उकळत्या औषधात बुडवले, वरची बाजू तासून सपाट केली. शर्यतीला जास्त ताकद हवी, म्हणून सिलिंडर आतून कापून रुंद करायचे ठरले.

"आत गंजलं असेल," हेमावती म्हणाली. "बोरचं पाणी घालत होतो की आम्ही. भिंतींची जाडी बघितलात का?"

"अम्मा, शायनिंग बघ ना! टाइम कुठे आहे? रविवारी रेस."

"ओतीव लोखंड आहे ताई, काही होत नाही," गजेंद्रनेही री ओढली. जाडी मोजायचे यंत्र समोरच्या कपाटात होते. कुणी बाहेर काढले नाही. लोखंडाला तोंड असते, तर मी त्या दिवशी वर्कशॉप डोक्यावर घेतले असते.

रविवारी बालाजीरावांना मैदानाच्या कडेला खुर्चीत बसवले. मी सुरू झालो आणि त्यांचे डोळे भरून आले. खरे सांगतो, क्षणभर मीही राग विसरलो. पहिल्याच वळणावर माझी पातळ भिंत फुटली. पाणी सिलिंडरमध्ये शिरले, पांढरा धूर उठला आणि मी कायमचा बंद पडलो.

"आवाज का थांबला?" बालाजीराव विचारत राहिले.

"जुना माल, ताता. असंच होणार," कौशिक आजोबांना म्हणाला.

जुना माल! कापताना मी नवा होतो वाटते?

आता मी कौशिकच्या अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये टीपॉय आहे. मला लाल रंग दिला आहे, वर काच बसवली आहे. पाहुणे तोंड भरून कौतुक करतात. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी मुकाट्याने राबत असेल, तर त्याला वर्षातून एकदा हार घालून मोकळे होऊ नका. त्याच्या आत काय चालले आहे, ते वेळेवर बघा.

काचेवर कॉफीचा थेंब सांडला तरी कौशिक धावत येतो. कॅनमधले गोडे पाणी फडक्यावर घेऊन पुसतो. बोअरच्या पाण्याने काचेवर डाग पडतात म्हणे.