आरशांची खोळ

‘बाईनं बनवलेला पीसी’ असं त्या व्हिडिओचं नाव होतं आणि रजतनं तो दुकानातल्या सगळ्यात मोठ्या मॉनिटरवर लावला होता. मी बाभुळगावच्या एसटीतून उतरून घामाघूम होऊन आत शिरले, तर काउंटरपाशी तीन गिऱ्हाइकं माना वर करून बघतायत आणि पडद्यावर बोरी अरबचा इंद्रजीत हात नाचवतोय. गेम लावला की दहा मिनिटांत मशीन बंद, लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला टाकला की बंद. शेवटी कॅमेऱ्यात तोंड घालून तो म्हणाला, ‘‘पार्टच जुळत नाही ना, भाऊ. बाईमाणसाले बसवलं पार्ट निवडाले, मंग दुसरं काय होईन?’’

मी सरळ जाऊन मॉनिटरचा प्लग उपटला. रजत हसला. हा रजत म्हणजे आमचे मालक घनश्यामभाऊ यांचा भाचा. नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स करून आला आणि आल्या दिवसापासून मला ‘आंटी’ म्हणतो. माझं नाव दीपा आहे. त्याच्या ‘आंटी’ला मी आजवर एकदाही ओ दिलेली नाही.

यवतमाळच्या या दुकानात मला सोळा वर्षं झाली. पार्ट निवडायचं काम माझं. लोकांना वाटतं, भारीतलं सामान आणलं की झालं. अहो, प्रोसेसरचं आणि मदरबोर्डचं सॉकेट जुळलं नाही, तर ते भारीतलं सामान शोकेसमध्ये मांडायच्या लायकीचं. रॅम त्या बोर्डाला चालणारी पाहिजे, ग्राफिक्स कार्ड डब्यात, म्हणजे कॅबिनेटमध्ये, मावलं पाहिजे, पॉवर सप्लायला त्या सगळ्यांचं ओझं पेलवलं पाहिजे. मी प्रत्येक गोष्ट पट्टी लावून बघते, पुठ्ठ्यावर लिहिलेल्या मापावर विश्वास ठेवत नाही. सोळा वर्षांत मी जुळवलेलं एकही मशीन ‘जुळलं नाही’ म्हणून परत आलेलं नव्हतं. त्याचा मला माज होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

हा इंद्रजीत जानेवारीत आला होता. बंजारा तांड्यांवरच्या लग्नांचे, त्यांच्या गोरबोलीतल्या गाण्यांचे व्हिडिओ करतो आणि उरलेल्या वेळात गेम खेळून लोकांना दाखवतो. एकाच मशीनवर त्याला दोन्ही हवं होतं. तेव्हा ‘ताई, ताई’ करत दोन तास माझ्यापुढे बसला. नेटवरून उतरवून आणलेल्या त्याच्या यादीतलं कार्ड डब्यापेक्षा दोन बोटं लांब होतं. मी ती यादी खोडून नवी केली. सगळं ठरत आलं तेव्हा रजतनं नाक खुपसलं. रंगीत दिव्यांचा, काचेचा, वरून बंद डबा त्यानं पुढे केला. ह्यातून हवा मागून निघते, म्हणाला. मी म्हटलं, मे महिन्यात टिनाखाली ठेवणार हे मशीन, गरम हवा वर जाते, तिला वरूनच वाट पाहिजे. वर जाळी आणि दोन पंखे असलेला साधा काळा डबा मी घ्यायला लावला. इंद्रजीतचं तोंड उतरलं होतं, पण मी ऐकून घेणाऱ्यांतली नाही.

आता हा व्हिडिओ. घनश्यामभाऊंनी मला आत बोलावलं. सोळा वर्षं ज्या माणसाचं दुकान मी माझं समजून सांभाळलं, तो माझ्याकडे न बघता टेबलावरची काच पुसत बोलला. व्हिडिओ पुसदपासून आर्णीपर्यंत फिरतोय, म्हणाले. सोमवारपासून पार्ट रजत निवडेल, मी प्रिंटरची शाई भरायला बसायचं.

‘‘तिथं जाऊन पाह्यतो मी,’’ मी म्हटलं. ‘‘माहा दोष निंघाला, तर शाई भरतो. नाई निंघाला, तर त्यानं तसाच व्हिडिओ पुन्हा टाकला पायजे. तवर माह्या खुर्चीवर कोणी बसाचं नाही.’’

भाऊ म्हणाले, जा. रजतनं मला माझीच टूलकिट आणून दिली, अगदी लग्नात आहेर द्यावा तशी दोन्ही हातांनी. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

बोरी अरबला उतरून तांड्यापर्यंत चालत गेले. ऊन मी म्हणत होतं. इंद्रजीतच्या अंगणातल्या तारेवर एक जड कापड वाळत होतं. लाल-निळे तुकडे, त्यावर टाके, आरसे, कडेला कवड्या. डोळ्यांत तिरीप गेली म्हणून मी मान फिरवली, एवढंच. त्याची आई मानीबाई दारात बसली होती. तिनं पाणी दिलं. इंद्रजीतनं बस म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत.

मी डबा उघडला. सॉकेट, रॅम, वायरी, पॉवर सप्लाय, एकेक बघितलं. सगळं ठीक. झाकण लावून गेम सुरू करायला सांगितला, सोबत एक लग्न एक्स्पोर्टला टाकायला लावलं. पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा लावून ठेवला. पाऊण तास झाला, आकडा सत्तरच्या वर सरकेना. इंद्रजीत वैतागला. तुमच्यासमोर कशाला बंद पडेल ते, तुम्हीच काहीतरी केलं असेल, म्हणाला. मी म्हटलं, हो, मंत्र मारला. मग आमची चांगलीच जुंपली. तो मला शिकवू लागला की पॉवर सप्लाय कमी पडतोय, मी त्याला त्याच्या पहिल्या यादीची आठवण करून दिली, त्यानं माझ्या शिक्षणाची चौकशी केली. शेजारची माणसं दारात गोळा झाली.

तेवढ्यात मानीबाई आत आली. वाळलेलं ते कापड तिच्या खांद्यावर होतं. आमच्या भांडणाकडे तिनं बघितलंही नाही. टेबलाशी जाऊन तिनं ते कापड चालू मशीनवर चढवलं, दोन्ही बाजूंनी खाली ओढलं, समोरच्या कडेची आरशांची रांग हातानं सरळ केली. मापात शिवलेली खोळ होती ती. मागची-पुढची बाजू मोकळी, वरची जाळी पूर्ण बंद.

माझ्या लक्षात आलं. मी तिला थांबवलं नाही, मुद्दाम थांबवलं नाही. आकडा ऐंशी झाला, नव्वद झाला. पंखे घरघरायला लागले. अकराव्या मिनिटाला स्क्रीन काळी पडली.

‘‘आता समजलं?’’ मी म्हटलं. दारातल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हटलं. ‘‘आईनं तोंड दाबलं तुह्या मशीनचं. रोज दाबते. अन् शिव्या मले.’’

मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. दारात कोणीतरी फिसकन हसलं, तेही मला गोड लागलं. मग इंद्रजीत आईवर तुटून पडला. गोरबोली मला कळत नाही, पण लेक आईला काय बोलतोय ते कळायला भाषा लागत नाही. मध्ये मध्ये ‘याडी’, म्हणजे आई, एवढा शब्द ओळखू येत होता, हाक म्हणून नव्हे, शिवी म्हणून. त्यानं खोळ ओरबाडून काढली आणि खाली फेकली. दोन कवड्या तुटून पलंगाखाली गेल्या.

मानीबाई खाली बसली. कवड्या शोधून पदराला बांधल्या, मग माझ्याशी मराठीत बोलली. सांगत होती की तिच्या सासऱ्याचा बाप बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचा, आणि त्या बैलांच्या पाठीवरचं काहीही उघडं जायचं नाही, सगळ्यावर असं काम केलेलं कापड असायचं. ज्याच्यावर घर चालते, त्याले उघडं ठेवत नाही, म्हणाली. तीन महिने लागले होते तिला. डोळ्यांना दिसत नाही म्हणून दुपारच्या उजेडातच टाके घालायची.

मी ऐकलं आणि तरी इंद्रजीतला म्हटलं की व्हिडिओ टाक. तो नाही म्हणाला. आईनं केलं असं जगाला सांगू का, तांड्यातांड्यातून हसतील, म्हणाला. मी म्हटलं, माझ्यावर हसले तेव्हा चाललं तुला. सोमवारी माझी खुर्ची जाते आहे. आमचं पुन्हा सुरू होणार, तोच मानीबाई स्टुलावर जाऊन बसली. बरोबर कॅमेऱ्यासमोर. तिला ती जागा माहीत होती.

‘‘लाव तुहं ते,’’ ती लेकाला म्हणाली. ‘‘मी सांगतो.’’

त्यानं लावलं. ती सरळ बसली, खोळ मांडीवर धरली आणि बोलली. ‘‘मी मानीबाई. इंद्रजीतची माय. मशीन चांगलं हाय. या बाईनं बराबर केलं. म्या वरून झाकलं, म्हून ते बंद पडे. चूक माही हाय, बाईची नाही.’’ इंद्रजीतनं हातानं खूण केली की कापड उलटं धरलंस, आरसे समोर कर. तिनं खोळ तशीच ठेवली. आरसे तिच्या पोटाकडे होते, कॅमेऱ्याला नुसत्या गाठी आणि सुटलेले दोरे दिसत होते.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. जिंकून निघाले होते. दारव्हा रोडवर निम्म्या वाटेत माझ्या डोक्यात आलं आणि मग ते गेलंच नाही. रजतचा तो काचेचा डबा वरून बंद होता. त्याची हवा मागून निघते, आणि खोळीची मागची बाजू मोकळी होती. त्या डब्यावर मानीबाईची खोळ खुशाल राहिली असती. दोन तास इंद्रजीत माझ्यासमोर बसला होता. मशीन कुठं ठेवणार, छप्पर कसलं, एवढं मी विचारलं. घरात त्याला कोण हात लावणार, हे विचारलं नाही. माझं सगळं जुळलं होतं, मग विचारायचं कशाला.

सोमवारी खुर्ची माझीच होती. भाऊंनी नवीन गिऱ्हाईक माझ्यासमोर बसवलं. बाभुळगावची प्रेरणा, कॉलेजात शिकणारी, तिला अॅनिमेशनसाठी मशीन हवं होतं. पलीकडे रजतनं मोठ्या मॉनिटरवर मानीबाईचा व्हिडिओ लावला होता. तो पहिल्यापेक्षा तिप्पट लोकांनी बघितला होता. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते तो मोठ्यानं वाचत होता, फ्रिजलाही स्वेटर घाला आजी, वगैरे. भाऊ हसत होते. माझी बाजू घेणारा व्हिडिओ होता, त्यामुळे मीही हसेन असं सगळ्यांना वाटत होतं.

प्लग माझ्या हाताजवळच होता. मी उपटला नाही. मानीबाईनं मला जे दिलं होतं ते मी घेतलं होतं, आता कोणत्या तोंडानं उपटणार. रजतच्या डब्याचं त्याला सांगावं, असंही एकदा ओठांवर आलं. सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

मी प्रेरणाला विचारलं, मशीन कुठं ठेवणार. तिनं सांगितलं. घरात कोण कोण आहे, विचारलं. तिनं जरा चमकून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आई आहे, आजी आहे.

‘‘आजी त्याच्यावर काही टाकन का?’’ मी म्हटलं.

ती म्हणाली, विचारून सांगते. मी पेन खाली ठेवलं. पडद्यावर मानीबाई बसली होती, मांडीवर खोळ उलटी धरून. प्रेरणानं घरी फोन लावला आणि मी थांबून राहिले.