आखूड पायाची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. जन्मतः माझा एक पाय बोटभर आखूड होता. सुताराने मला बनवलं त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती. एका हाताने गाल धरून दुसऱ्या हाताने त्याने करवत चालवली. दुसऱ्या दिवशी दाढ निघाली, माझा पाय मात्र तसाच राहिला. म्हणून मी स्वस्तात विकली गेले. मला घेतलं ते दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका तरुण रंगाऱ्याने. त्याला उंचीची भीती वाटायची. पाट्या नेहमी उंचावर असतात, हे बिचाऱ्याला धंद्यात पडल्यावर कळलं.

एकदा तो शिवणकामाच्या दुकानाची पाटी रंगवत होता. मी डुगडुगायला लागले. त्याने घाबरून खाली पाहिलं. दुकानात काजं-बटणं करणारी मुलगी दारात उभी होती.

"अहो, जरा शिडी धरता का?"

"धरते. पण पडायचं ठरलं तर आधी सांगा, म्हणजे मी बाजूला होईन."

तिने मला दोन्ही हातांनी धरलं. रंगाऱ्याने पाटीवर कात्री काढली. ती वर बघून म्हणाली, "ही कात्री आहे की खेकडा?"

"खालून तसं दिसतं."

"मग गिऱ्हाईक कुठून बघणार? वरून तर फक्त कावळे बघतात."

त्याने कात्री पुसली आणि पुन्हा काढली. मग पुन्हा पुसली. दिवसभराचं काम आठवडाभर चाललं. शेवटी दुकानाचा मालक बाहेर येऊन म्हणाला, "अरे, पाटी रंगवतोयस की दुकान बांधतोयस?"

मला मात्र सगळं कळलं होतं. मी डुगडुगले की रंगाऱ्याची छाती धडधडायची. तो खाली बघायचा, तर खाली ती. त्या खुळ्याला वाटायचं, ही धडधड तिच्यामुळेच. मित्रांनो, माणसं अशीच प्रेमात पडतात. काम एकाचं असतं आणि श्रेय दुसऱ्याला जातं. दोघांचं लग्न झालं तेव्हा मला कोणी बोलावलंसुद्धा नाही. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, हे सगळं माझ्या पायाचं कर्तृत्व आहे.

लग्नानंतरही मला ती धरायची. जमिनीवर असला की तिचा नवरा कोणत्याही अवघड विषयातून सटकायचा. कधी त्याला रंग कालवायचा असे, कधी ब्रश धुवायचा असे. पण शिडीवर चढलेला माणूस जाणार कुठे? तिने हे लवकर ओळखलं. त्या घरातले सगळे मोठे निर्णय माझ्यावरच झाले.

"अहो, मुलीला शिकायला बाहेरगावी पाठवायचं म्हणते मी."

"हे आत्ता बोलायचं का?"

"मग केव्हा? खाली असलात की तुम्हाला कामं आठवतात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"म्हणा की. माझे हातही आता दुखायलाच लागलेत."

मुलगी बाहेरगावी शिकायला गेली.

पुढे एकदा तिचा भाऊ राहायला आला. तोही सुतार. मला बघून त्याने कपाळावर हात मारला. "ताई, असल्या शिडीवर भाऊजींना चढवतेस?" त्याने लाकडाचा तुकडा ठोकून माझा पाय सारखा केला. मी मनात म्हटलं, आता मी डुगडुगणार नाही, याची छाती धडधडणार नाही. संपला यांचा संसार!

दुसऱ्या दिवशी रंगारी माझ्यावर चढला. मी खांबासारखी उभी राहिले. तरी त्याने आत हाक मारली, "अगं, धर जरा."

ती ओले हात पुसत आली. "आता कशाला? हलतेय कुठे?"

"हलत नाही."

"मग?"

"मग काय, धर."

तिने धरलं. माझा पाय आदल्या दिवशी बोटभर वाढला होता, त्या दिवशी गर्व हातभर कमी झाला.

मग म्हातारपणी रंगाऱ्याने धंदा बंद केला. मी घरातच राहिले, बल्ब बदलायला आणि घड्याळ उतरवायला. तेव्हाही ती खाली असायचीच. आणि मग ती आजारी पडली, आणि गेली.

काही दिवसांनी स्वयंपाकघराच्या दारावरचा बल्ब गेला. म्हाताऱ्याने मला भिंतीला लावलं. दोन पायऱ्या चढून सवयीने विचारलं, "धरलीस का?"

मग त्याने खाली पाहिलं आणि तो उतरला. मला मागे नेऊन ठेवलं. त्यानंतर तो अर्धवट अंधारातच जेवायचा.

पुढे मुलगी आली.

"बाबा, अंधारात जेवताय? मी वायरमनला बोलावते. आणि ही शिडी आधी भंगारात टाका. या वयात चढायचं नाही."

"बल्ब मीच लावणार."

"मग मी चढते."

"तू धर."

तिने एका हाताने मला धरलं. दुसऱ्या हातात फोन होता.

"दोन्ही हातांनी. तुझी आई दोन्ही हातांनी धरायची."

मुलीने फोन ठेवला. म्हातारा सावकाश वर पोहोचला. आणि खालून आवाज आला, "आता वर आहातच तर ऐका. जेवण अर्धं टाकता म्हणे. शेजारच्या काकूंनी सांगितलं मला. गोळ्या तरी घेता का?"

"हे आत्ता बोलायचं का?"

"मग केव्हा? खाली असलात की तुम्हाला कामं आठवतात!"

म्हातारा हातात बल्ब धरून हसायला लागला. इतका हसला, की दोन्ही पाय सारखे असूनही मी डुगडुगले.

"बाबा, हलू नका! हसताय की रडताय?"

"बल्ब बसवतोय," तो म्हणाला.

उजेड पडला. भंगाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या लाकडी शिड्यांना ओलीत ठेवू नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. एवढं आमच्यासाठी करा. आणि तुमच्या घरात कोणी वर चढलं, तर त्याने हाक मारायची वाट बघू नका. जाऊन धरा. शिडी हलत नसली तरी धरा.