पडद्यावरचा रेणू

पडद्यावर माझा रेणू फिरत होता आणि खाली नाव बसवेशचं होतं. एकट्याचं.

धाराशिवच्या कॉलेजातली परिषद. माझ्या शेजारी बसवेशची आई, शांताक्का. पोराचं भाषण ऐकायला मुरुमहून पहाटेच्या एसटीनं आलेली. भाषण इंग्रजीत, तिला एक अक्षर कळत नव्हतं. पण पदर सावरून अशी ताठ बसली होती, जणू सत्कार तिचाच आहे.

मूठभर कार्बन आणि भोवती दाटीवाटीनं नायट्रोजन. असला रेणू जगात कुणी बनवलेला नाही, मी तो फक्त संगणकावर रचला होता. नायट्रोजन असा कोंबला की रेणू फुटायलाच टपलेला असतो. तो तग धरेल का, हे आधी गणितानं बघायचं. वर्षभर मी तेच करत होते, डोळे फुटेस्तोवर. शेवटची तपासणी तेवढी उरली होती, कंपनांची. त्यात एक जरी आकडा ऋण निघाला तर रेणू बाद. माझा संगणक त्या गणितात मान टाकायचा. बसवेशकडं पुण्यात मोठं यंत्र होतं, आणि तो तर आमच्याच घरात जेवून वाढलेला. मी बिनदिक्कत सगळी फाइल पाठवून दिली.

"तपासलो की राजक्का, एकदम ओके हाय," तो फोनवर म्हणाला होता.

आणि आता हे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उठून त्याची गचांडी धरावी असं वाटत होतं. शांताक्कानं कौतुकानं माझा हात धरून ठेवला होता, म्हणून बसून राहिले.

भाषण संपलं. पहिल्या रांगेतल्या पाहुण्या बाई उठल्या, इंग्रजीतच म्हणाल्या, "तुम्ही आधी पाठवलेली रचना मी तपासली. कंपनांत एक आकडा ऋण येतोय. हा रेणू टिकत नाही. तुम्ही बघितलं नाही का?"

म्हणजे त्यानं तपासलंच नव्हतं. रेणूही गेला होता आणि फोनवरचा तो शब्दही खोटा होता. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

बसवेश पाणी प्यायला. मग थेट माझ्याकडं बोट करून इंग्रजीत म्हणाला, "ती तपासणी राजेश्वरीकडं होती. चूक तिची आहे. मी तिच्यावर विश्वास ठेवला."

सगळा हॉल वळून माझ्याकडं बघू लागला. शांताक्काचा चेहरा फुलला. माझा हात दाबत ती कानाशी कुजबुजली, "बघ गं, एवढ्या मोठ्या लोकांत तुझं नाव घेतला माझा बसव. इसरला न्हाय तुला."