पहिल्या नंबरचं नाव

"हळू बे ऋषी, उंबरठा लागून राहिला!"

"उंबरठ्याले काही होत नाही. माह्या पायाचं बघ!"

टेम्पोतून उतरवलेली ती उंच लाकडी पेटी सुशील आणि ऋषिकेश घरात ढकलत होते. दोघांची पन्नाशी उलटलेली, दोघांची पोटं सुटलेली, आणि पेटी दारात अशी अडकली होती की आत येईना की बाहेर जाईना. मिनलने शिलाई मशीनवरचा पाय काढला. पुढ्यात शाळेच्या युनिफॉर्मचा ढीग पडला होता, पण आता कसले युनिफॉर्म! पेटीच्या कडेला रंगवलेली लाल जीप तिने पाहिली आणि ती उठून दाराशीच आली.

"वहिनी, ओळखली काय?" ऋषिकेश धापा टाकत म्हणाला. "तुमच्या मामाची मशीन!"

न ओळखायला काय झालं? मधुकरमामांचं प्रताप नगरात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. कॉलेज बुडवून पोरं तिथे पडीक असायची, आणि त्यात हे दोन नग सगळ्यात पुढे. मिनल तेव्हा काउंटरवर टोकनं द्यायची. त्या टोकनांच्या देवघेवीत सुशीलशी तिचं जमलं, लग्न झालं, हुडकेश्वरला घर झालं, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. इतकं सगळं झालं, पण जीपच्या गेममध्ये पहिला नंबर कोणाचा, हे भांडण काही मिटलं नाही. दिवाळी असो की कोणाची तेरवी, हे दोघं एकत्र आले की सुरू. "माहा होता." "हट बे, माहा होता." ऐकून ऐकून मिनलचे कान किटले होते.

आणि गंमत अशी, की पहिला नंबर दोघांचाही नव्हता. तो मिनलचा होता.

पार्लर बंद झालं त्या दिवशी सकाळी, मशीन न्यायला गाडी यायच्या आधी, ती एकटीच तिथे झाडत होती. झाडू ठेवून ती शेवटचा म्हणून एक डाव खेळली, आणि असा खेळली की पुन्हा तसा कधी जमला नसता. मशीनने नाव विचारलं. तीनच अक्षरं मावायची. तिने एम, आय, एन टाकली. दुपारी मशीन गेली कोराडीला, पॉवर स्टेशनच्या स्टाफ क्लबात. ते नाव प्रताप नगरातल्या एकाही पोराने पाहिलं नाही. कोराडीत कोणी पाहिलं असेल, तर हे एमआयएन कोण, हे त्याला काय ठाऊक!

ऋषिकेश त्याच पॉवर स्टेशनमध्ये नोकरीला. "क्लब पाडून राहिले," तो सांगू लागला. "मशीनचा पडदा तं मी नोकरीले लागायच्या आधीच गेला होता, पण मागचा सप्लाय कोणी बंदच नाही केला. लाल लाइट जळूनच राहिला, इतकी वर्षं! काल मीच प्लग काढला."

सुशील ताडकन उभा राहिला. "म्हणजे सेल चार्ज होत राहिला! म्हणजे मेमरी जित्ती असन! ऋषी, लेका, आज फैसला!"

"हरला त्यानं सावजीत जेवण द्यायचं."

"मंजूर!"

मिनल ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण नाही, तिने स्वतःला आवरलं. आपण सांगण्यात काय मजा? पडदा लागू दे, यादी दिसू दे, आणि मग या दोघांची थोबाडं पाहू दे. इतकी वर्षं गप्प बसलो, आणखी दोन तास बसू.

सुशीलचा धंदा इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्तीचा. त्याने मागची फळी काढली, बोर्ड टेबलावर घेतला आणि भिंगाचा चष्मा चढवला. बोर्डाच्या कोपऱ्यात निळ्या आवरणातला जाडसर सेल होता. मशीन बंद असली, की हाच सेल मेमरीला जागं ठेवायचा. तो गेला की स्कोअरची यादी गेली. सेलच्या एका टोकाला हिरवट-पांढरी बुरशी धरली होती.

"लीक झाला," सुशील म्हणाला. मग त्याने मीटरच्या पिना टेकवल्या आणि त्याचा आवाजच बदलला. "पण जीव आहे! तीन व्होल्टच्या वर आहे गा!"

ऋषिकेशने टाळी वाजवली. मिनलने डोळे मिटून घेतले.

"आता काय करतो बघ," सुशील समजावू लागला. "आधी नवा सेल बाजूनं जोडायचा. थो चालू झाला, की मग जुना काढायचा. मेमरीले कळलंबी नाही पाहिजे. उलटं केलं तर गेलंच समज."

एवढ्यात त्याचा फोन वाजला. गिऱ्हाईकच ते, त्याला काय माहीत इथे काय चाललंय! सुशीलने फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबला. "हाव, बोला. वास येऊन राहिला? बॅटरीत पाणी कवा टाकलं होतं?" बोलता बोलता त्याची नजर बोर्डावर होती, त्या हिरव्या बुरशीवर. गळका सेल दिसला की आधी तो कापून टाकायचा, नाहीतर त्याचं पाणी अख्खा बोर्ड खातं. आयुष्यभर तेच केलेला हात तो. त्या हाताला मेमरीचं काय कौतुक? "नाही नाही, टर्मिनल साफ करा आधी," सुशील फोनवर म्हणाला, आणि त्याच्या हाताने कटर उचलून सेलचे दोन्ही पाय कापले. कट्ट, कट्ट.

सेल त्याच्या तळहातावर आला. त्याने त्याच्याकडे पाहिलं. फोन खांद्यावरून घसरून खाली पडला.

"अवो!" मिनल किंचाळलीच. "काय केलं हे! माझा होता तो!"

"सेल?" ऋषिकेश गोंधळला.

"पहिला नंबर! माझा होता पहिला नंबर! मामाची मशीन गेली त्या दिवशी सकाळी मीच खेळली होती. नाव टाकलं होतं मी माझं!"

दोघं तिच्याकडे पाहू लागले. मग ऋषिकेश हसायला लागला. वाईट मनाने नाही, पण हसला, पोट धरून हसला. "वहिनी, तुमी? तुमी तं टोकन देत होत्या!"

"टोकन देणाऱ्याले खेळता येत नाही काय?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. सुशीलचा चेहरा मेल्याहून मेल्यासारखा झाला होता, तरी त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलंच. आलं आणि लगेच गेलं. पण मिनलने ते पाहिलं. ऋषिकेशच्या हसण्याने तिला राग आला होता, या हसण्याने तिला रडू आलं. ती शिलाई मशीनवर जाऊन बसली आणि त्या संध्याकाळी तिने अर्धा डझन शर्टांच्या बाह्या उलट्या जोडल्या.

पुढचे काही दिवस घरात व्हिनेगरचा वास भरून राहिला. सुशील जुन्या टूथब्रशने बोर्ड घासायचा. सेलच्या पाण्याने तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकल्या होत्या, त्या जागी केसासारख्या तारा जोडायचा. स्कोअर तर गेला, आता मशीन कशाला जगवायची, असं मिनलने एकदाही विचारलं नाही. ती बोलतच नव्हती.

शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "खरं काय वं?"

"खरं. पण आता कशावरून?"

"मी विचारून राहिलो. पुरावा नाही मागून राहिलो."

तिने पोळी उलटली. "तुमी हसले."

"हसलो. चूक झाली."

"दोन चुका झाल्या."

"हाव. दोन." तो तिथेच उभा राहिला. "इतकी वर्षं काहून नाही सांगितलं?"

"मामाले कळलं असतं तं पाय तोडले असते. पोट्टी अन् गेम खेळते! लग्न झाल्यावर म्हटलं सांगू. पण तुमी दोघं इतका जीव लावून भांडत होते. म्हटलं, या दोघायले खरं सांगितलं, तं यायच्याजवळ बोलाले काय उरन?" ती हसली आणि तिने पोळी तव्यावरून उतरवली. "अन् हसन मले कोणी, असं वाटे. हसलेच नं."

सुशील परत बोर्डाकडे गेला. त्या दिवशी तो जेवायलाही टेबलावरून उठला नाही.

रविवारी ऋषिकेश तर्रीपोहे घेऊन आला. पेटीत जुना मॉनिटर बसला होता, बोर्डावर नवा सेल लागला होता. सुशीलने बटण दाबलं. पडद्यावर आधी नुसता कचरा आला, रंगीत ठिपके, उलटीसुलटी अक्षरं. तिघंही पडद्याजवळ सरकले. मग तो कचरा विरघळला, लाल जीप धूळ उडवत आली आणि ते जुनं संगीत खोलीभर वाजलं.

"आली! आली बे!" ऋषिकेश नाचायलाच लागला. सुशीलने त्याला मिठी मारली. मिनलच्या डोळ्यांत पाणी आलं. राग होता तरी आलं. ते संगीत म्हणजे तिचं सोळावं वर्ष होतं, त्याला ती काय करणार?

मग यादी आली. कारखान्यातून येतात तशी दहा परकी नावं. मिनलने एकेक वाचलं, वरपासून खालपर्यंत, आणि मान फिरवली.

आधी ऋषिकेश खेळला. तिसऱ्या टप्प्यात एक लोखंडी पूल येतो, त्यावर हेलिकॉप्टर येतं आणि गोळ्यांचा सडा पडतो. तिथे त्याची जीप उडाली. मग सुशील खेळला. तोही पुलावरच मेला.

"या पुलाच्या पुढं कोणी गेलाच नाही," ऋषिकेश म्हणाला. "प्रताप नगरात तं कोणीच नाही."

मिनलने ओढणी कमरेला खोचली. "सरका."

ऋषिकेशने तोंड उघडलं, पण सुशीलने त्याच्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं. मिनलने टोकन मागितलं नाही. तिने खालचं छोटं दार उघडलं, आत हात घालून न पाहता टोकन पडलं की दबते ती पत्ती बोटाने टिचकावली, आणि पडद्यावर डाव जमा झाला.

"हे तुमाले कोणं शिकवलं?" ऋषिकेश चकित झाला.

"पार्लर सकाळी मीच उघडत होती. पोट्टे येईपर्यंत मशीन माझ्याच होत्या."

पहिल्या डावात ती पहिल्याच टप्प्यात मेली. बोटं ऐकेनात. तिचे कान गरम झाले. कोणी हसलं नाही. तिने पुन्हा पत्ती टिचकावली. या वेळी बोटांना आठवू लागलं, आणि दुसऱ्या टप्प्यात पोहोचते न पोहोचते तोच पडदा थरथरून काळा झाला.

"थांब, थांब!" सुशील पेटीमागे धावला. "कनेक्टर सैल झाला. त्याच्याबी पिना खाल्ल्या आहेत." त्याने काहीतरी दाबलं आणि चित्र परत आलं. सोडलं की गेलं. "नवा आणा लागन. आता मी दाबून धरतो. तू खेळ."

"तिथून तुमाले काय दिसन?"

"नाही दिसलं तरी चालन. खेळ तू."

तो भिंत आणि पेटीच्या मध्ये कसाबसा घुसून बसला, अंगठा कनेक्टरवर दाबून. मिनलने तिसरा डाव घेतला. आता ती खेळत नव्हती, तिचे हात खेळत होते. पहिला टप्पा गेला, दुसरा गेला. लोखंडी पूल आला, हेलिकॉप्टर आलं. तिने जीप डाव्या कोपऱ्यात खाली नेली आणि थांबवली. गोळी झाडणंही बंद केलं.

"वहिनी, हला नं! मरान!"

"चूप बसा."

गोळ्या जीपच्या अगदी बाजूने गेल्या, एकामागून एक, आणि एकही लागली नाही. हेलिकॉप्टर वळलं तसे तिने तीन बार काढले. पडद्यावर हेलिकॉप्टर पेटलं. जीप पुलावरून सुसाट निघाली. ऋषिकेशचा पोह्याचा घास हातातच राहिला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा पुलाचं दुसरं टोक पाहिलं.

"काय झालं?" पेटीमागून सुशीलचा आवाज आला. "ऋषी, बोल नं बे! मेली काय? पूल आला काय?"

ऋषिकेश घास तसाच धरून पडद्याकडे सरकला.

"पूल मागं गेला," मिनल म्हणाली.

"मागं?" सुशीलने विचारलं. "मग आता काय आहे तिथं?"

"समुद्र आहे." तिची नजर पडद्यावरून हलली नाही. "वाळूतून रस्ता आहे, अन् दोन्हीकडून पाणी."

"सांग नं वं. सगळं सांग."

"सांगते. हात हलवू नका."

त्याने अंगठा आणखी घट्ट दाबला, आणि ती खेळता खेळता त्याला सांगू लागली.