खलनायकाचे नाक

(बंद तोंड लावून)

मी एक जुना बाहुला आहे. खरे सांगायचे तर बाहुल्याचे नुसते डोके उरलो आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात, एल्बे नदीजवळ, डेटलेफची कार्यशाळा आहे. तिथल्या एका खणात मी फडक्यात गुंडाळून पडलेला असतो.

मित्रांनो, माझ्या ओठांच्या जागी एक खाच आहे. तिथे हवे ते तोंड बसवता येते. माझी सगळी तोंडे डबीत माझ्यासोबतच आहेत. जी गोष्ट ज्या तोंडाने सांगता येईल, त्या तोंडाने सांगतो.

(हसरे तोंड)

माझा जन्म लिंडेन नावाच्या झाडाच्या मऊ लाकडातून झाला. हेन्रिकेबाई बाहुल्यांचे सिनेमे करायच्या आणि डेटलेफ त्यांचे बाहुले कोरायचा. मुलांच्या सावल्या चोरणाऱ्या माणसाची गोष्ट त्यांना करायची होती. म्हणून दोघे भिंतीवर चादर ताणून जुने मूकपट पाहत बसायचे. त्यांत घरे तिरकी असत, सावल्या रंगाने काढलेल्या असत, माणसांच्या डोळ्यांभोवती काजळी फासलेली असे. आवाज नव्हता, म्हणून भिंतींनाच किंचाळावे लागे.

"असाच माणूस हवा मला," बाई म्हणाल्या. "दिसला की पोरांनी आईला बिलगलं पाहिजे."

"नाक किती लांब करू?"

"मी पुरे म्हणेपर्यंत."

"मग आणखी एक ओंडका आणतो," डेटलेफ म्हणाला.

मला काळा कोट मिळाला, फांद्यांसारखी बोटे मिळाली. कॅमेऱ्याने एक चित्र घ्यायचे, मला केसभर हलवायचे, पुन्हा चित्र घ्यायचे. असा मी चालू लागलो. कार्यशाळेत येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय नाक आहे हो!" मी फुगून जायचो.

(ओरडणारे तोंड. पण आवाज फुटत नाही.)

अर्धा सिनेमा झाल्यावर बाईंनी नोयबर्गरसाहेबांना बोलावले. हे म्हातारे गृहस्थ गावातल्या छोट्या थिएटरात मूकपटांना पियानोची साथ करत. आमच्या सिनेमालाही तेच साथ करणार होते. त्यांनी केक खाल्ला, बोटे पुसली आणि चित्र पाहत वाजवायला सुरुवात केली. पडद्यावर कोपऱ्यावरून आधी माझ्या नाकाची सावली आली, मग मी आलो.

पियानो थांबला.

"काय साहेब, केक जड झाला का?" डेटलेफ हसला.

"हेन्रिकेबाई, हा कोण?"

"हाच तो. सावल्या चोरणारा."

"मी ओळखतो याला," नोयबर्गरसाहेब म्हणाले. "हिटलरच्या काळात माझ्या शाळेत फळ्याशेजारी याचं चित्र होतं. मास्तर मला पुढे उभं करायचे. हनुवटी धरून तोंड बाजूला वळवायचे. म्हणायचे, पोरांनो, नीट पाहून घ्या, यहुदी असा ओळखायचा. पोरं हसायची. माझ्या बाकावरचा दोस्तसुद्धा."

डेटलेफचे कान लाल झाले.

"साहेब, शपथेवर सांगतो, माझ्या मनात तसलं काही नव्हतं. जुन्या सिनेमांत पाहिलं, तसं कोरलं."

"मला ठाऊक आहे. मनात नसताना हात तिकडेच वळला. मला भीती वाटते ती त्याचीच."

(चिडलेले तोंड)

माझा काय दोष? मी लाकूड! डेटलेफच्या पटाशीने जिकडे नेले तिकडे गेलो.

(ते काढून टाकतो. पुन्हा बंद तोंड.)

नोयबर्गरसाहेब गेल्यावर बाईंनी फिल्म पुन्हा लावली. मी स्वतःला पहिल्यांदाच नीट पाहिले. पाठीत वाकलेला, हात चोळणारा, मुलांच्या मागे सरपटत जाणारा. लोक ज्याची वाहवा करत होते, तो हा? मित्रांनो, लाकडाला घाम येत नाही. नाहीतर माझा रंग त्या दिवशीच ओघळला असता.

"बाई, अर्धा सिनेमा झालाय," डेटलेफ पुटपुटला. "बघणाऱ्यांतल्या कोणाला आठवणार आहे ते चित्र?"

"मला आठवेल ना आता. वाकडेपणा घरांना दे, डेटलेफ. माणसाला नको."

त्याने नवे डोके कोरले. गोल चेहरा, नीट भांग, कोणाच्याही काकाचे असावे तसे नाक. माझा कोट त्याला चढवला. घरे मात्र आणखी तिरकी केली. सगळा सिनेमा पुन्हा पहिल्यापासून काढला, आणि कार्यशाळेत येणारी मुले त्या गोड चेहऱ्याला माझ्यापेक्षा जास्त घाबरली. डेटलेफने मला फोडायला हातोडी उचलली होती. पण त्याचा हात खाली येईना. त्याने मला खणात टाकले आणि बराच वेळ तो खणाला पाठ लावून बसून राहिला.

(तोंड न लावता)

पहिल्या खेळाच्या दिवशी नोयबर्गरसाहेब कार्यशाळेत आले.

"तो कुठंय?"

"कोण?" डेटलेफ म्हणाला.

"सोंग पुरे. आणा इकडे."

त्यांनी मला तळहातावर घेतले आणि नाकावरून अंगठा फिरवला. त्या खणाच्याही खाली कुठेतरी गडप व्हावे, असे मला झाले.

"जरा लांबच झालंय," ते म्हणाले. "पण माझ्या वडिलांचं नाक असंच होतं. मला झोपवताना ते माझ्या गालावर घासायचे. मी खिदळायचो. मग ते चित्र वर्गात लागलं, आणि वडील शाळेत न्यायला आले की मी त्यांच्या पुढे पुढे चालू लागलो. त्यांना वाटायचं, पोराला भूक लागलीय."

डेटलेफने मान खाली घातली.

"नाक वाईट नाही हो," नोयबर्गरसाहेब म्हणाले. "याला चोर का केलंत, एवढंच विचारतो. एखादं चांगलं काम द्या याला. बाप करा कुणाचा तरी."

"बघतो," डेटलेफ कसाबसा म्हणाला.

तो अजून बघतोच आहे. नवा सिनेमा निघाला की खण उघडतो, मला उजेडात धरतो, "परत चुकलो तर?" असे स्वतःशीच म्हणतो आणि पुन्हा गुंडाळून ठेवतो. मला त्याचा राग येत नाही. मला माझी लाज वाटते. आणि ज्या नाकाला एक मूल बिलगत होते, त्याची आपण लाज बाळगतो, याची त्याहून जास्त वाटते.

मित्रांनो, तुम्हीही चित्रे काढता. दुष्ट माणूस काढाल तेव्हा पेन्सिल थोडी थांबवा. ते नाक, ती पाठ, ते केस तुम्ही कोणाच्या घरातून उचलून आणले, ते पाहा. मला जाळू नका. काचेच्या कपाटात मांडून माझी वाहवाही करू नका. एक छोटे लाकडी मूल कोरा, आणि त्याला झोपवायचे काम मला द्या.